ऐन गणपतीत आवाज बसला: एका विनोदी नटाचं आणि आमच्या छोट्या ग्रुपचं प्रकरण

हे प्रकरण २०२३ च्या गणपतीतलं आहे. माणसांची, मंडळांची, सोसायट्यांची नावं सांगणार नाही. ज्याच्याबद्दल लिहितेय त्याला विचारून लिहितेय, त्याने सगळं वाचलंय आणि दोन ठिकाणी मला दुरुस्त पण केलंय. त्याला इथं दादा म्हणते, ग्रुपमध्ये सगळे तेच म्हणतात. आमचा पाच नटांचा ग्रुप मंडळांत आणि सोसायट्यांत विनोदी स्किटचे कार्यक्रम करतो. मी ग्रुपची बुकिंग्ज बघते आणि स्किटमध्ये बायको, सासू, शेजारीण, नर्स जे लागेल ते करते. लिहावंसं वाटलं कारण आपल्याकडे नटाचा आवाज बसला की ज्येष्ठमध चघळ आणि उभा राहा, याच्यापलीकडे कुणी काही बोलतच नाही, आणि मीही तेव्हा तेच बोलले होते.

पार्श्वभूमी

दादा तेव्हा ४६ वर्षांचा. एकांकिका स्पर्धांमधनं आलेला, मग बालनाट्यं, मग व्यावसायिक नाटकांत छोटी कामं आणि रिप्लेसमेंट, म्हणजे दुसऱ्या नटाच्या जागी उभं राहणं. मालिकांमध्ये हवालदार, पोस्टमन, दोन-चार दिवसांची कामं, एका मालिकेत मात्र सात-आठ महिने कॅरेक्टर चाललं त्यामुळे डोंबिवली स्टेशनवर बायका त्याला ओळखतात, आणि तीच ओळख आमच्या पोस्टरवर कामाला येते. नोकरी २०११ मध्ये सोडली. वहिनी शाळेत शिकवतात, मुलगी तेव्हा अकरावीत होती.

बाहेरच्या लोकांना वाटतं नट म्हणजे शनिवार-रविवार दादरच्या शिवाजी मंदिरला नाहीतर ठाण्याच्या गडकरीला प्रयोग. ज्याच्याकडे चालू नाटक आहे त्याचं तसं असतं. आमच्यासारख्यांचं वर्ष सणांवर चालतं. संक्रांतीनंतर हळदीकुंकवाचे कार्यक्रम, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, ८ मार्च, पाडवा, १ मे, मग जून-जुलै ठणठणीत कोरडे, आणि मग गणपती. नवरात्रात सगळीकडे गरबा असतो त्यामुळे आम्हाला फारसं कुणी बोलवत नाही, नंतर कोजागरी, दिवाळी, ३१ डिसेंबर, झालं वर्ष. मालिकेत चार दिवस काम केलं तरी पैसे नव्वद दिवसांनी, म्हणजे ऑगस्टमध्ये खिसा रिकामाच असतो आणि सगळी मदार गणपतीवर. त्यात लॉकडाऊनची झळ अजून भरून निघाली नव्हती. मार्च २०२० ला थिएटरं बंद झाली, नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर उघडली, एप्रिल २०२१ ला परत बंद, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. त्या काळात दादाने मित्राच्या टेम्पोवर भाजी पोचवली, आणि घरात जी काय शिल्लक होती ती मुलीच्या दहावीत संपली. हे सांगते कारण पुढचे निर्णय ह्या पायावर घेतले गेले. आवाज दुखत असताना तो गप्प का बसला याचं उत्तर मला तरी इथंच दिसतं.

सीझनचं गणित

त्या वर्षी सुपाऱ्या, म्हणजे कार्यक्रमांची बुकिंग्ज, बऱ्या लागल्या होत्या. २० ते २७ सप्टेंबर आठ दिवसांत १२ कार्यक्रम. बुधवार-गुरुवार एकेक, गौरीपूजनाच्या शुक्रवारपासनं रविवारपर्यंत रोज दोन, सोम-मंगळ एकेक आणि अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी दोन. एका कार्यक्रमाचे ३५,००० रुपये ठरले होते. त्यातले साडेतीन हजार एजंटचे, साडेचार हजार गाडीला, दीड हजार लेखकाला, दोन हजार मेकअप-इस्त्री-चहानाश्त्याला, दोन हजार म्युझिक ऑपरेट करणाऱ्या पोराला, दादाची नाइट, म्हणजे एका कार्यक्रमाचं मानधन, पाच हजार, बाकी आम्ही चौघं तीन-तीन हजार. उरतात साडेचार हजार, त्यातनं तालमीच्या हॉलचं भाडं आणि कपडेपट. म्हणजे सगळं सुरळीत गेलं तर दादाला आठ दिवसांत साठ हजार मिळणार होते.

कार्यक्रमात तीन स्किट. पहिलं आजोबांचं, त्यात दादा कमी ऐकू येणारे आजोबा करतो, त्यांना ऐकू येत नाही म्हणून ते सगळ्यांशी ओरडून बोलतात आणि घरातली सगळी गुपितं बिल्डिंगला कळतात. दुसऱ्यात तो एकटा चार माणसं करतो, नगरसेवक, भाजीवाली, गुजराती शेठ आणि निवेदक, चौघांचे चार आवाज. तिसरं नवरा-बायकोचं, त्यात त्याचं काम कमी. म्हणजे ७० मिनिटांतली ४० मिनिटं तो बोलत असतो, आणि त्यातली निम्मी ओरडत. हे कागदावर लिहिलं असतं तर कुणालाही दिसलं असतं, पण आम्ही फक्त लाफ्टर मोजत होतो. आजोबांना पहिल्या मिनिटात लाफ्टर येतो ना, मग ठेवा आजोबा पहिल्यांदा.

अडचण कुठनं सुरू झाली

ऑगस्टच्या तालमींपासनं. सकाळी फोन केला की आवाज घोगरा यायचा, तो म्हणायचा झोपेतनं उठलोय. भाजीवालीचा वरचा सूर फाटायला लागला तेव्हा त्याने सूर खाली आणला, आम्ही म्हटलं छान वाटतंय. त्याच्या पिशवीत खडीसाखर, ज्येष्ठमध, गरम पाण्याचा थर्मास, हे सगळ्या नटांच्या पिशवीत असतं त्यामुळे कुणाला वेगळं वाटलं नाही.

गुरुवारी २१ तारखेला ठाण्यातल्या एका सोसायटीत कार्यक्रम होता. सांगताना सांगितलं होतं साउंड आमचं आहे, काळजी करू नका. गेल्यावर बघतो तर मंडपवाल्याचे दोन कॉर्डलेस माइक, हातात धरायचे, आणि आम्ही पाच जण. अशा वेळी काय होतं ते रंगमंचावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आजोबा वाक्य टाकतात, मग माइक सुनेकडे सरकवतात, सून बोलते, सून माइक परत देते, आणि पंच त्या हातातनं हातात जाण्यात मरतो. टायमिंग अर्ध्या सेकंदाचं असतं, माइक पोचायला दोन सेकंद लागतात. म्हणून दादाने पाचव्या मिनिटाला माइक माझ्या हातात दिला तो परत घेतलाच नाही, उरलेलं सगळं तो नुसत्या आवाजावर मागच्या खुर्चीपर्यंत पोचवत राहिला. पुढच्या रांगेत सतरंजीवर पोरं फुगे फोडत होती, बाजूला भेळेचा स्टॉल. कार्यक्रम जोरात झाला, सेक्रेटरींनी शाल घातली. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, दादा कसला पोचतो हो तुमचा आवाज! माझं हे वाक्य अजून माझ्या डोक्यात आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट मिळते, बाकी दिवशी दहा म्हणजे दहा. आठचा कार्यक्रम म्हणतात, मग आरती, मग मंत्रपुष्पांजली, मग चित्रकला स्पर्धेची बक्षिसं, मग आजी-माजी पाहुण्यांचे सत्कार, आणि आमच्या हातात येतात नऊ वाजून दहा मिनिटं. ७० मिनिटांचं ५० मध्ये बसवायचं म्हणजे नट काय करतो, वेगात बोलतो, आणि वेगात बोललेलं कळावं म्हणून अजून मोठ्याने बोलतो. लाफ्टर उतरायची वाट न बघता त्याच्यावरनं पुढचं वाक्य मारतो. तीनशे माणसं हसत असताना त्यांच्या वर आवाज काढायचा.

शनिवारी २३ तारखेला गौरी-गणपतींचं विसर्जन. दुसरा कार्यक्रम दहा दिवसांच्या गणपतीच्या मंडळात, मंडप रस्त्याला लागून, आणि रस्त्यावरनं एकामागनं एक ढोल-ताशे. शेवटच्या दहा मिनिटांत दादाचा आवाज तुटला. वाक्याची पहिली दोन अक्षरं यायची, पुढचं नुसती हवा. लोकांना वाटलं आजोबांचं बेअरिंग आहे, म्हणजे भूमिकेसाठी मुद्दाम धरलेला आवाज, आणि ते जास्तच हसले. रात्री दीडला कल्याण फाट्याजवळ चहाला थांबलो तेव्हा त्याने टपरीवाल्याला बोटांनी सहा दाखवले. तोंडाने काही बोलला नाही.

रविवार, आणि माझा चुकलेला निर्णय

रविवारी सकाळी त्याचा मेसेज आला, आवाज पूर्ण बसलाय. त्या दिवशी दोन कार्यक्रम, दुपारी चारला ऐरोलीत आणि रात्री मुलुंडला. कान-नाक-घशाचे डॉक्टर रविवारी कुठं मिळणार, फॅमिली डॉक्टरांनी वाफ आणि आराम सांगितला. आराम म्हणजे काय हे आम्ही आमच्या सोयीने ठरवलं. ऐरोलीच्या सोसायटीचा बंद हॉल होता आणि कॉलर माइक होते, म्हणून मी म्हटलं दादा तुम्ही जोर लावू नका, नुसतं कुजबुजा, माइक उचलेल. तो तयार झाला. तोही कधी नाही म्हणत नाही आणि मीही नाही ऐकायच्या तयारीत नव्हते.

कुजबुजणं म्हणजे आवाजाला विश्रांती असं आपल्याला वाटतं. डॉक्टरांनी सोमवारी सांगितलं की बसलेल्या आवाजात ताणून कुजबुजणं हे साध्या हळू बोलण्यापेक्षा घशाला जड जाऊ शकतं. ऐरोलीत त्याने तेच केलं. लोकांना अर्धं कळलं, अर्धं नाही. दुसरं स्किट, चार आवाजांचं, मध्येच सोडलं आणि मी विंगेतनं नर्स होऊन आले, काहीतरी अ‍ॅडिशन घेत, म्हणजे स्किटमध्ये नसलेली वाक्यं टाकत, बाहेर काढलं त्याला.

रात्री मुलुंडला मग त्याला उभं केलं नाही. आजोबांचं आणि चार आवाजांचं दोन्ही काढलं, नवरा-बायकोचं लांबवलं, आमच्यातल्या एकाचं जुनं रिक्षावाल्याचं स्किट बसवलं. मंडळाचे अध्यक्ष भडकले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, पोस्टरवर ज्यांचा फोटो ते कुठंयत? दादा स्वतः त्यांच्यासमोर जाऊन हात जोडून उभा राहिला, गळ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी ३५ मधले आठ हजार कापले. मला राग आला होता तेव्हा, आता वाटतं त्यांचं चुकलं नाही. लोकांना फोटो दाखवून बोलावलं होतं, आणि आम्ही त्यांना संध्याकाळी सहापर्यंत फोन पण केला नव्हता.

पर्याय काय काय होते

सोमवारी सकाळी डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. दोन्ही स्वरतंतूंना सूज आणि मधोमध समोरासमोर छोट्या गाठी धरायला लागलेल्या. त्यांनी सांगितलं निदान आठवडाभर पूर्ण मौन, भरपूर पाणी, सूज उतरल्यावर स्पीच थेरपी, ऑपरेशनचा विचार आत्ता अजिबात नको, अशा गाठी बऱ्याचदा थेरपीने कमी होतात. चार कार्यक्रम उरले होते, पैकी पहिला त्याच रात्री.

माझ्या डोक्यात पहिला विचार इंजेक्शनचा आला, खरं ते सांगते. आमच्यात ऐकीव माहिती असते की स्टेरॉइड घेतलं की आवाज उघडतो, अमक्याने घेतलं तमक्याने घेतलं. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी शांतपणे समजावलं की त्याने सूज उतरेल, पण खालची दुखापत तशीच राहील, आणि आवाज बरा वाटतोय म्हणून हा परत ओरडेल, त्यात स्वरतंतूत रक्तस्राव झाला तर प्रकरण आठवड्यांवरनं महिन्यांवर जाईल. दादाने डॉक्टरांच्याच पॅडवर लिहिलं, "नको". वहिनी बाजूला होत्या, त्यांनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

कार्यक्रम रद्द करायचे तर चारही ठिकाणी निम्मा अ‍ॅडव्हान्स आलेला, तो हॉलभाड्यात आणि कपड्यांत गेलेला. शिवाय बाकी पाच जणांच्या नाइट. आमच्यातली एक मुलगी त्या पैशांवर डिसेंबरची फी भरणार होती. आणि गणपतीतलं मंडळ एकदा तोंडावर पडलं की पुढच्या वर्षी तो दरवाजा बंद.

म्युझिकवाल्या पोराने सुचवलं की दादाच्या तालमीचं रेकॉर्डिंग आहे, त्यातनं वाक्यं कापून मागनं लावू, दादा नुसते ओठ हलवतील. भाबडी पण मनापासनं केलेली सूचना होती. आम्ही दुपारी एकदा करून बघितलं. गंभीर नाटकात कदाचित निभावलं असतं, विनोदात नाही, कारण विनोदात पुढचं वाक्य कधी टाकायचं हे प्रेक्षक ठरवतो. एखाद्या ठिकाणी लाफ्टर तीन सेकंद टिकतो, दुसरीकडे आठ, तिसरीकडे येतच नाही आणि मग नट तिथंच काहीतरी दुसरं टाकून तो मिळवतो. रेकॉर्डिंग थांबत नाही.

राहिली बदली. पण बदलीला माणूस कुठनं? व्यावसायिक नाटकात रिप्लेसमेंटला आठ-दहा दिवस तालमी देतात. आमच्याकडे सात तास होते.

आम्ही काय केलं

एकांकिका करणारा एक बावीस वर्षांचा मुलगा आमच्या तालमींना येऊन बसायचा, चहा आणायचा, सेट लावायचा. त्याला आजोबांचं स्किट तोंडपाठ होतं, कुणी सांगितलं नव्हतं, बसून बसून झालेलं. दुपारी दोनला त्याला शाळेच्या हॉलवर बोलावलं. वाक्यं सगळी बरोबर, आणि एकही लाफ्टर येणार नाही अशी. वाक्यं पळवत होता.

दादा समोर खुर्ची टाकून बसला. बोलायला बंदी, म्हणून त्याच्याकडे जुन्या कॅलेंडरची पानं आणि स्केचपेन. पण त्याने लिहिलं फार कमी. उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि मुलाला खुणेने सांगितलं माझ्या हाताकडे बघ. मुलगा वाक्य बोलला की दादा तीन बोटं वर करायचा, मग एकेक खाली घ्यायचा, तिसरं बोट खाली आलं की पुढचं वाक्य. काही ठिकाणी एकच बोट. एका ठिकाणी, जिथं सून म्हणते "आजोबा, हळू, शेजारी ऐकतायत", तिथं पाचही बोटं वर केली आणि खालीच घेईना. मुलगा थांबला, गोंधळला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि खिडकीकडे बघितल्यावर हॉलमधले आम्ही सगळे फुटलो. मग दादाने मूठ वळली. बोल आता. २२-२४ वर्षं स्टेजवर उभं राहून जे कमावलेलं असतं ते असं एका हातात मावतं हे मी त्या दिवशी बघितलं.

यावेळी मंडळांना आधी फोन केले. चारही ठिकाणी खरं सांगितलं, नट आजारी आहे, दुसरा मुलगा करेल, पाच हजार कमी द्या नाहीतर दुसरी तारीख घ्या. तिघांनी चालेल म्हटलं, त्यातल्या दोघांनी पैसे कमी करायला नकार दिला. एकाने पाच कमी केले.

मग नाइटचा प्रश्न. मी ठरवलं की मुलाला दोन हजार आणि दादाला अर्धी नाइट, अडीच हजार. दोन्ही मिळून पाचाच्या आत बसत होतं त्यामुळे मला वाटलं कुणाची हरकत नसेल. पण आमच्यातला एक जण, आठ वर्षं ग्रुपमध्ये असलेला, त्याने गाडीत सगळ्यांसमोर विचारलं की २०२२ ला मला डेंग्यू झाला, मी पाच कार्यक्रम घरी होतो, मला कुणी अर्धी नाइट दिली? सगळे गप्प. माझ्याकडे उत्तर नव्हतं. दादा पोस्टरवर आहे आणि तू नाहीस, हे उत्तर होतं, पण ते तोंडावर कसं बोलणार, आणि ते बरोबर तरी कुठं आहे. दादाने त्याच्या वहीत काहीतरी लिहून त्याच्या हातात दिलं, त्याने वाचून खिशात ठेवलं. काय लिहिलं होतं मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

पुढे काय झालं

चारही कार्यक्रम झाले. सोमवारचा बरा, मंगळवारचा पडला, मुलगा घाबरून परत वाक्यं पळवायला लागला आणि विंगेतनं दादा बोटं दाखवत होता ती त्याला स्पॉटच्या उजेडात दिसत नव्हती. बुधवारचे दोन्ही चांगले झाले, रात्रीचा तर फारच.

दादाला सात कार्यक्रमांचे ३५,००० आणि चार अर्ध्या नाइटचे १०,०००. मुलुंडचं पाकीट त्याने घेतलं नाही. म्हणजे साठचे पंचेचाळीस, त्यातनं तपासणी, औषधं, आणि नंतर थेरपीच्या आठ बैठका. ऑक्टोबरात एका डबिंगचं काम आलं होतं ते सोडावं लागलं. २८ ऑक्टोबरच्या कोजागरीला तो आला पण स्टेजवर नाही, समोर खुर्चीत बसला.

थेरपीत एक गोष्ट कळली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. थेरपिस्ट मॅडमनी त्याला स्किटमधले सगळे आवाज काढून दाखवायला सांगितले, अगदी हळू, एकेक वाक्य. भाजीवाली, शेठ, नगरसेवक, सगळं ठीक. आजोबा आल्यावर त्यांनी थांबवलं. त्या आवाजासाठी तो घसा आवळून, हनुवटी पुढं काढून, मान ताणून बोलायचा, दहा वर्षं बोलत होता. कार्यक्रमांची संख्या, माइक, ढोल-ताशे ह्या सगळ्याने भर घातली, पण जखम रोज त्याच जागी आजोबाच करत होते. म्हणजे ज्या आवाजाला सगळ्यात मोठा लाफ्टर होता तोच.

पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ बुडवून त्यातनं बुडबुडे काढत ऊऊऊ असा सूर धरायचा, हा त्याचा रोजचा व्यायाम झाला. सहा आठवड्यांनी परत दुर्बीण घातली तेव्हा सूज गेलेली, गाठी लहान झालेल्या. ३१ डिसेंबरला तो परत उभा राहिला, नव्या आजोबांसह. आता आजोबा ओरडत नाहीत. त्यांना ऐकू येत नाही पण त्यांची खात्री आहे की सगळं जग उगाच ओरडतंय, म्हणून ते अगदी हळू बोलतात आणि बाकीच्यांनाही हळू बोलायला लावतात, आणि ओरडायचं काम आमच्या चौघांत वाटून गेलंय. बंद हॉलमध्ये हे आधीपेक्षा जास्त चालतं. मैदानात चालत नाही, मागच्या लोकांना समजतच नाही. त्यामुळे मैदानातले आजोबा तो मुलगा करतो, त्याच्या स्वतःच्या आवाजात, आणि मॅडमकडे त्यालाही दोनदा पाठवलंय.

हे दादाला जड गेलं. त्याने मला सांगितलंय आणि इथं लिहायला परवानगीही दिलीय की पहिल्यांदा मुलाला मैदानात लाफ्टर मिळताना विंगेतनं ऐकलं तेव्हा त्याला बरं नाही वाटलं. ते काम त्याने वहीत कोऱ्या पानापासनं उभं केलं होतं. अजूनही मैदानाची सुपारी लागली की तो मला आधी विचारतो, तिथं बंद हॉल नाहीये का जवळपास.

काय वेगळं करता आलं असतं

गुरुवारी ठाण्यात दोन माइक बघितले तेव्हाच मी थांबायला हवं होतं. तो खरा निर्णयाचा क्षण होता आणि तो निर्णय आहे हे सुद्धा मला कळलं नाही. शनिवारी आवाज तुटला तो गुरुवारपासनं तुटत आला होता. ऑगस्टमध्ये सकाळचा घोगरा आवाज दोन-तीन आठवडे टिकला तेव्हा डॉक्टरांकडे गेलो असतो तर बहुतेक सीझन पूर्ण झाला असता, डॉक्टरांचंही मत तसंच पडलं.

ऐरोलीच्या कार्यक्रमाबद्दल मी दादाची माफी मागितली. तो म्हणाला, अगं मी पण हो म्हटलं ना. पण त्याचं हो आणि माझं विचारणं सारखं नव्हतं. पाकीट मी देते, तारखा मी देते, माझ्या विचारण्यात होकार आधीच धरलेला असतो.

तयार माणूस आधीच हवा होता, हे तर झालंच. पण त्याला नाइट कुठनं देणार हा प्रश्न आजही सुटलेला नाही, पाच माणसांच्या ग्रुपला सहावा परवडत नाही. आम्ही तोडगा काढलाय की प्रत्येकाने दुसऱ्या एकाचं काम पाठ ठेवायचं, तालमीत महिन्यातनं एकदा अदलाबदल. निम्मंच जमतं. आजारपणातली अर्धी नाइट मात्र आता सगळ्यांना लागू आहे, प्रत्येक कार्यक्रमातनं पाचशे बाजूला ठेवतो, आणि ज्याला डेंग्यू झाला होता त्याला त्या वेळच्या पाच अर्ध्या नाइट आम्ही उशिरा का होईना दिल्या.

बुकिंगच्या मेसेजमध्ये आता तीन गोष्टी लिहून घेते: पाच कॉलर माइक, कार्यक्रम हातात मिळायची वेळ, आणि सलग दोन दिवस दोन-दोन केले की तिसऱ्या दिवशी एकच. ह्यामुळे २०२४ ला दोन सुपाऱ्या गेल्या.

१४ सप्टेंबर २०२४ च्या शनिवारी एका ठिकाणी पाचाऐवजी तीनच कॉलर माइक निघाले. कार्यकर्ते म्हणाले करा हो सुरू, पब्लिक बसलंय. मी नाही म्हटलं. दादा गाडीत पाण्याच्या बाटलीत स्ट्रॉ घालून बुडबुडे काढत बसला होता, त्याने काचेतनं बघितलं आणि परत बुडबुडे काढायला लागला. पाऊण तासाने उरलेले दोन माइक कुणाच्या तरी स्कूटरवरनं आले. कार्यक्रम ५० मिनिटांचाच झाला, मंडळाने तीन हजार कापले. ते शिलकीतनं भरले, नाइट कुणाचीच कापली नाही.